आधी चालणाऱ्याचा हिस्सा

कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी मुंबईकडे निधीचा प्रस्ताव गेला की शहरात दोन बाजूंनी विरोध सुरू होतो. एक बाजू म्हणते, सारखं सरकारपुढे हात कशाला पसरायचे? घरफाळा नीट वसूल करा आणि आपले रस्ते आपण करा. दुसरी बाजू म्हणते, निधी जरूर आणा, पण त्यातला एक रुपयाही फूटपाथ आणि झेब्रा पट्ट्यांवर घालवू नका. आधी खड्डे बुजवा, डांबर टाका, फूटपाथचं नंतर बघू. हे बोलणारी माणसं शहराचं वाईट चिंतणारी नाहीत. त्यांच्यात टोलविरोधी लढ्यात रस्त्यावर उतरलेले आहेत, पेठेतल्या तालमींचे कार्यकर्ते आहेत, रोज याच खड्ड्यांतून दुकान गाठणारे व्यापारी आहेत. म्हणूनच त्यांना नीट, मुद्द्याला धरून उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं त्या दोन्ही बाजूंच्या विरुद्ध आहे. राज्याकडे मागितलेला पैसा हा शहराच्या हक्काचा आहे आणि त्या पैशातला पहिला हिस्सा पायी चालणाऱ्याचा आहे.

घरफाळ्याच्या मुद्द्यात स्वाभिमान आहे आणि तो कोल्हापूरकराला पटकन भावतो. पण हिशेब मांडला की तो टिकत नाही. शहरातल्या शोरूममधून एमएच ०९ ची पाटी लावून जी दुचाकी किंवा चारचाकी बाहेर पडते, तिचा वाहनकर राज्याच्या तिजोरीत जातो. ती चालते कोल्हापूरच्या डांबरावर, उभी राहते कोल्हापूरच्या फूटपाथवर. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट राज्याचा. दंडाचं चलन फाडलं तर ती रक्कमही राज्याची. महापालिकेच्या हाती उरतो तो घरफाळा, पाणीपट्टी, परवाना शुल्क आणि बांधकाम परवानगीचं विकास शुल्क. एके काळी जकात होती. शहरात येणाऱ्या मालाच्या प्रत्येक ट्रकमागे शहराला थेट उत्पन्न मिळायचं आणि व्यापार वाढला की ते आपोआप वाढायचं. जकात नाक्यांवरचे गैरप्रकार सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे ती गेल्याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही उठला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर शहराच्या स्वतःच्या हातात वाढता असा कर राहिलाच नाही. त्याच वर्षीच्या कायद्याने राज्य सरकार महापालिकांना भरपाईचं अनुदान देतं. ते पगार, निवृत्तिवेतन आणि रोजच्या कारभारात संपतं. त्यातून रस्त्यांचं जाळं उभं राहत नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. शहरांनी करायच्या कामांच्या त्या यादीत रस्ते आणि पूल आहेत, दिवाबत्ती आहे, बसथांबे आहेत. १ जून १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आहे. कामाची यादी शहराकडे आली, रस्ता वापरणाऱ्या वाहनाचा कर मात्र राज्याकडेच राहिला. जो रस्त्याच्या झिजेचा कर घेतो, त्याने रस्त्याला पैसे द्यावेत, एवढीच ही मागणी आहे. तिला हात पसरणं म्हणणं म्हणजे आपलाच पैसा आपण भीक म्हणून स्वीकारणं आहे.

याहून मोठी गोष्ट हद्दीची आहे. कोल्हापूर महापालिका १९७२ साली झाली. शहराचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. नगरपालिकेची महापालिका झाली पण हद्द वाढली नाही. हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की ग्रामीण भागातून विरोध होतो आणि प्रस्ताव गुंडाळला जातो. २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. उचगाव, पाचगाव, कळंबा इथली माणसं सकाळी शहरात येतात, शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी सगळं शहरात करतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही, शहर असतंच त्यासाठी. पण त्यांच्या घराचा फाळा महापालिकेला मिळत नाही आणि त्यांच्या गाडीचा करही मिळत नाही. मग शहराचे रस्ते फक्त शहरातल्या घरमालकाने करावेत, हा कुठला न्याय?

आणि येणारे केवळ आसपासच्या गावांचे नाहीत. अंबाबाईच्या दर्शनाला वर्षभर राज्यातून आणि कर्नाटकातून माणसं येतात, नवरात्रात तर शहराचं रूपच पालटतं. सीपीआर रुग्णालयात जिल्हाभरातून आणि जिल्ह्याबाहेरूनही रुग्ण येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता इथे येणार. त्या बेंचसाठी शहराने अनेक वर्षं आंदोलन केलं, ते मिळालं याचा आनंद आहेच. पण ज्या राज्याने सहा जिल्ह्यांचं न्यायदान या रस्त्यावर आणून ठेवलं, त्या राज्याचा या रस्त्याशी काही संबंध नाही असं कसं म्हणता येईल? कणकवलीहून एसटीने आलेला पक्षकार मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो. तिथून व्हीनस कॉर्नर, जयंती नाल्यावरचा पूल, दसरा चौक आणि मग न्यायालय. पुढे भाऊसिंगजी रोडने महापालिका, शिवाजी चौक, भवानी मंडप, अंबाबाई. बसस्थानकापासून देवळापर्यंत सगळा मिळून दोन-अडीच किलोमीटरचा टापू आहे. शहरात येणाऱ्या परक्या माणसाची जवळपास सगळी कामं या एका वाटेवर होतात. ही वाट सलग, न थांबता, वाहनांच्या धारेत न उतरता चालता येते का, हे कोणीही एकदा चालून पाहावं. फूटपाथ दिसेल, पण तो सलग नाही. कुठे तो दुकानाच्या पायरीपाशी संपतो, कुठे विजेचा फीडर पिलर मध्येच उभा असतो, कुठे दुचाकींची रांग लागलेली असते, आणि प्रत्येक वेळी माणसाला खाली रस्त्यावर उतरावं लागतं.

स्वाभिमानाचा मुद्दा मांडणारे टोलचा इतिहास पुढे करतात. मोठा रस्ते प्रकल्प आणला की शहर फसतं, असा त्यांचा निष्कर्ष असतो. तो इतिहास मलाही महत्त्वाचा वाटतो, पण माझा निष्कर्ष वेगळा आहे. २००८ साली महापालिकेकडे पैसा नव्हता म्हणून एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प खासगी कंपनीकडे गेला. सुमारे २२० कोटींचे, जवळपास ५० किलोमीटरचे रस्ते, आणि त्या बदल्यात तीस वर्षं टोल. शहराच्या वेशीवर नऊ टोलनाके उभे राहिले. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि शहर पेटलं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सगळे पक्ष, तालमी, पेठा रस्त्यावर आल्या. जानेवारी २०१४ मध्ये लोकांनी नाके पेटवले. पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. टोल गेलेला पाहायला ते राहिले नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने टोल रद्द करण्याची घोषणा केली आणि कंपनीच्या पैशाचा भार शेवटी राज्यावर गेला.

या लढ्यातून राज्याकडे पैसे मागू नयेत, असा धडा निघत नाही. लढ्याचा शेवट राज्याने पैसे देण्यात झाला. जो पैसा २००८ मध्ये राज्याने सरळ द्यायला हवा होता, तो सात-आठ वर्षांचा संघर्ष आणि गुन्हे दाखल झालेल्या कार्यकर्त्यांच्या कोर्टाच्या तारखा एवढं सगळं झाल्यावर राज्याने दिला. शहराला पैसा मिळाला नाही की ते खासगी भांडवलाच्या दारात जातं आणि मग प्रत्येक नागरिकाकडून नाक्यावर वसुली होते. आपले रस्ते आपण करावेत असं म्हणणाऱ्यांनी या मार्गाची दुसरी बाजूही पाहावी. आणि त्या लढ्यात आणखी एक गोष्ट होती, जी आता विसरली जाते. आंदोलकांनी करारातल्या अटींवर बोट ठेवलं तसंच अपुऱ्या कामांवरही ठेवलं होतं. गटारं, फूटपाथ, सेवावाहिन्या यांचं काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. फूटपाथची मागणी कोणा बाहेरच्या तज्ज्ञाने कोल्हापूरच्या गळ्यात मारलेली नाही, ती टोलविरोधी लढ्यातूनच आलेली आहे.

आता ‘आधी खड्डे’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांचा राग मला समजतो. पावसाळ्यात दुचाकी चालवणाऱ्या माणसाच्या पाठीचं काय होतं ते त्याला विचारावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. खड्डा हा जिवावरचा प्रश्न आहे यात वाद नाही. वाद आहे तो खड्डा कशाने पडतो यावर.

डांबराचा शत्रू पाणी. रस्ता मधोमध थोडा उंच आणि कडेला उतरता ठेवतात तो पाणी बाजूच्या गटारात जावं म्हणून. कडेला धड चॅनेल नसेल, गटार रस्त्यापेक्षा वर असेल, बाजूची पट्टी माती-मुरमाची असेल, तर पाणी तिथेच साचतं, डांबराच्या कडेतून खालच्या थरात शिरतं, खडी सुटते आणि वरून अवजड वाहन गेलं की रस्ता खचतो. कोल्हापूरसारख्या पावसाच्या शहरात हे दरवर्षी ठरलेलं आहे. फूटपाथ म्हणजे रस्त्याच्या कडेला सजावटीसाठी लावलेले रंगीत ब्लॉक नव्हेत. नीट बांधलेल्या फूटपाथमध्ये कर्बस्टोन असतो, त्याला लागून पाणी वाहून नेणारा चॅनेल असतो, खाली पावसाळी गटार असतं. म्हणजे रस्त्याची कड बांधून काढणारं कामच ते असतं. कड बांधली नाही तर वर कितीही जाड डांबर टाका, दुसऱ्या पावसाळ्यात पॅचवर्क सुरू.

खड्ड्यांचं दुसरं कारण खोदाई. नवा रस्ता झाला की महिन्याभरात जलवाहिनी, ड्रेनेज, गॅसची पाइप, इंटरनेटची केबल यांपैकी कोणीतरी येऊन तो चिरतं. चर बुजवला जातो, तो खचतो, तिथे खड्डा. बंगळुरूने टेंडरशुअर नावाने जे रस्ते केले, त्यांत पहिला विचार याचाच होता. सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड, रिचमंड रोड, कनिंगहॅम रोड अशा मध्यवर्ती रस्त्यांवर वीज, पाणी, केबल यांच्या वाहिन्या फूटपाथखाली ठरलेल्या जागी नेल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी मधला रस्ता उकरावा लागू नये. वाहनांच्या मार्गिकांची रुंदी सगळीकडे सारखी ठेवली आणि उरलेली जागा चालणाऱ्याला दिली. त्या कामाला पैसा कर्नाटक सरकारने दिला होता. खर्च जास्त झाला म्हणून तिथेही टीका झाली. पण प्रतिकिलोमीटर खर्चाची तुलना करताना एका बाजूला दर तीन वर्षांनी टाकायचं डांबर आणि दर पावसाळ्यातलं पॅचवर्क मांडायला हवं, ते कोणी मांडत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं आहे. सत्तरच्या दशकात बांधलेला हा रस्ता पुढे कित्येक वर्षं खड्ड्यांविना राहिला म्हणून महाराष्ट्रभर त्याचं नाव झालं. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि त्यानंतर याच रस्त्यावर रुंद फूटपाथ, बसायची जागा, झाडांभोवतीची मोकळीक आली. पुण्याचं सगळंच बरं चाललंय असं मी म्हणत नाही. त्या शहरात अशा रस्त्यांपेक्षा बाकीचे कितीतरी जास्त आहेत. पण राज्यात ज्या रस्त्याचं डांबर लोक नावाजतात त्याच रस्त्याचा फूटपाथही लोक नावाजतात. खड्डा आधी की फूटपाथ आधी, हा वाद त्या रस्त्याने निकालात काढला आहे. ते एकच काम आहे आणि ते एकाच अंदाजपत्रकात बसायला हवं.

‘आता चालतंय कोण? घरोघरी गाड्या झाल्यात,’ हे वाक्य मी सर्वाधिक वेळा ऐकतो आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. शाळेतली मुलं चालतात. केएमटीची बस धरायला जाणारी बाई चालते, बसमधून उतरल्यावर पुन्हा चालते. राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत कामाला येणारा हेल्पर, धुणीभांडी करणारी मावशी, भाजी घेऊन बसणारी आजी, सगळे चालतात. गाडीवालासुद्धा गाडी लावल्यावर चालतोच. चालणाऱ्याची मोजणी होत नाही म्हणून तो दिसत नाही. महापालिका चौकात वाहनं मोजते, सिग्नलचा वेळ त्यावर ठरतो. माणसं कोणी मोजत नाही. केंद्र सरकारने २००६ मध्येच राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात सांगितलं की रस्त्याचं नियोजन वाहनं हलवण्यासाठी नव्हे, माणसं हलवण्यासाठी करायचं. त्याला वीस वर्षं होत आली.

रस्त्यावर मरणाऱ्यांची मोजणी मात्र होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. जवळपास पाचातला एक. त्यांच्या हातात ना स्टिअरिंग होतं, ना वेग. रस्त्यावर मरणाऱ्या पाचांतला एक माणूस कोणाला इजा करायची ताकदच नसलेला असतो, आणि त्याच्यासाठी केलेला खर्च ही चैन ठरते. हा आकडा समोर ठेवून कोणी मला ‘नंतर बघू’ म्हणावं.

शिस्तीचा मुद्दा यातच येतो. पादचारी कुठूनही रस्ता ओलांडतो, त्याला वळण नाही, असं म्हणतात. ओलांडायची जागा कुठे आहे ते त्याला दाखवा. दोन चौकांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर, मध्ये सलग दुभाजक, झेब्रा पट्टे पुसलेले, सिग्नलला चालणाऱ्यासाठी वेगळा वेळ नाही, आणि गाडीवाला पट्ट्यांवर चाक आणून उभा. अशा ठिकाणी सत्तर वर्षांच्या माणसाने कायदा पाळायचा म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वापरता येण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि दिव्यांगांना वापरता येईल असाच तो असला पाहिजे. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. १.८ मीटर म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील एवढी जागा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू झाला तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणेला दंडाची तरतूदही केली. मानकं आहेत, कायदा आहे, न्यायालयाचा शब्द आहे. प्रस्तावात त्यांचं प्रतिबिंब नाही, एवढंच कमी आहे.

फेरीवाल्यांवर थोडक्यात. फूटपाथ केला की त्यावर फेरीवाले बसतात म्हणून तो करूच नये, असं म्हणणाऱ्यांनी महाद्वार रोडवर अर्धा तास उभं राहून पाहावं. फेरीवाला तिथे बसतो कारण गिऱ्हाईक तिथून चालत जातं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्यासाठी विक्री समिती आणि ठरवून दिलेली जागा सांगितली आहे. ती जागा फूटपाथच्या आराखड्यातच आखायची असते, नंतर अतिक्रमणाची गाडी पाठवून नव्हे. आणि खरं सांगायचं तर शहरातल्या बहुतेक फूटपाथवर फेरीवाल्यांपेक्षा दुचाकी जास्त आहेत. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याचीच दुचाकी तिथे असते.

दुकानदारांची भीती वेगळी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. दारातलं पार्किंग गेलं तर धंदा बसेल असं त्यांना वाटतं. पण दारात उभी असलेली चारचाकी बहुधा एकाच माणसाची असते आणि ती दोन-तीन तास हलत नाही. तेवढ्याच जागेतून त्या वेळात शेकडो माणसं चालत जाऊ शकतात. चेन्नईने २०१४ मध्ये आपल्या धोरणात ठरवलं की वाहतुकीच्या अंदाजपत्रकातला किमान ६० टक्के पैसा चालणं आणि सायकल यांच्या सोयींसाठी ठेवायचा. पुढे त्याच शहराने पाँडी बाजाराचा भर बाजारपेठेतला रस्ता रुंद फूटपाथांचा केला. तो स्मार्ट सिटीच्या पैशातून झाला. स्मार्ट सिटीच्या यादीत पुणे, सोलापूर, नाशिक होते; कोल्हापूर नव्हतं. मग आपल्याला राज्याशिवाय कोणाकडे पाहायचं?

माझी सर्वांत मोठी तक्रार आहे ती मात्र विरोधकांविषयी नाही, प्रस्ताव करणाऱ्यांविषयी आहे. नगरोत्थान योजनेतून शहराला शंभर कोटींचे सोळा रस्ते मंजूर झाले. त्यांची कामं रेंगाळली, दर्जावरून आंदोलनं झाली, सगळं वर्तमानपत्रांत येत राहिलं. पण चर्चा कशाची झाली? किती किलोमीटर, किती थर, कोणता ठेकेदार. त्या रस्त्यांवर चालणाऱ्याला सलग किती मीटर मिळणार, कुठल्या शाळेसमोर ओलांडायची जागा होणार, कुठला फीडर पिलर हलणार, हा प्रश्न चर्चेत आला नाही. प्रस्तावच रस्त्याच्या मधल्या पट्टीचा असतो आणि फूटपाथ त्यात शेवटी, पैसे उरले तर या हिशेबाने येतो. पैसे कधी उरत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, त्यामुळे हे विचारायला जागाही नव्हती. आता पुन्हा निवडून आलेलं सभागृह आहे. प्रत्येक प्रभागाला वाटणी या जुन्या पद्धतीने गल्लीगल्लीत तुकडे टाकायचे की एक वाट पूर्ण करायची, हे त्या सभागृहाला ठरवावं लागेल.

माझी सूचना सरळ आहे. राज्याकडे पुढचा प्रस्ताव जाईल तो बसस्थानक ते अंबाबाई या एका वाटेचा जावा. सीपीआर, न्यायालय, महापालिका, शाळा, देऊळ सगळं तीत येतं, आणि राज्याला नकार द्यायला जागा राहत नाही, कारण त्या वाटेवरचं न्यायालय आणि रुग्णालय राज्याचंच आहे. आराखडा मंजुरीआधी मराठीत, मापांसह, महापालिकेच्या दारात आणि वाटेवरच्या प्रत्येक चौकात लावावा. गटार, वाहिन्या, कर्ब आणि फूटपाथ आधी आणि डांबर शेवटी, असा कामाचा क्रम करारातच लिहावा. देखभालीचा पैसा प्रस्तावातच मागावा, कारण दोषदायित्वाची मुदत संपल्यावर उखडलेला ब्लॉक कोणाचाच नसतो. आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी शहर अभियंता, त्या प्रभागांचे नगरसेवक, एक व्हीलचेअर वापरणारा आणि एक पांढरी काठी घेऊन चालणारा नागरिक, अशा सगळ्यांनी ती वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावी. जिथे त्यांना खाली रस्त्यावर उतरावं लागेल तिथलं काम अपुरं समजावं आणि त्याचे पैसे अडवावेत.